गुणगुणलेली ओळ

हळद दुपारी चारला लागणार होती आणि कागदावर सही त्याआधी व्हायला हवी होती. म्हणून निकेशने सकाळी दहालाच घरच्यांना चौथ्या मजल्यावर बोलावून घेतलं. खाली मांडवाला झालर लावायचं काम चाललं होतं आणि डीजेवाला दर पाच मिनिटांनी माइक तपासत होता. उलव्यात, गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर उभ्या राहिलेल्या या इमारतीचं नाव 'जानू निवास'. लग्न जानूच्या पणतीचं, निकेशच्या मुलीचं, रुतिकाचं. आणि कागदही जानूच्याच नावाचा होता.

कागद अर्ध्या पानाचा होता. 'मी, चंद्राबाई जानू घरत, लिहून देते की "आगराचा धनी" या कादंबरीतली सर्व गीते माझे वडील कै. जानू घरत यांनी रचलेली असून मी ती लहानपणी त्यांच्याच तोंडून ऐकली आहेत.' खाली सहीसाठी रेघ.

कादंबरी अंकुरची, निकेशच्या धाकट्या भावाची. अंकुर खारघरच्या कॉलेजात मराठी शिकवतो. आजोबांच्या मिठागरावर आणि ते विमानतळाखाली गेलं त्यावर त्याने चारशे पानं लिहिली आणि त्या कादंबरीला मोठा पुरस्कार जाहीर झाला. निकेश माजी सरपंच असल्यामुळे आनंद साजरा कसा करायचा हे त्याला चांगलं माहीत होतं. चौकात भावाचा बॅनर लागला, त्यावर निकेशचा फोटो अंकुरच्या फोटोपेक्षा मोठा होता. पण मग प्रिया नावाच्या एका मुलीने एका मासिकात लेख लिहिला. या पुस्तकातली गाणी जानूची नाहीत, ते लग्नातले धवले आहेत आणि धवले बायका गातात, असं तिने लिहिलं. हे धवले तर माझ्या आजीचे आहेत, बाळाबाईचे, असंही लिहिलं. लेख फोनाफोनांवर फिरला. पुरस्कारवाल्यांनी प्रकाशकाला विचारलं, प्रकाशकाने अंकुरला विचारलं, आणि येत्या रविवारच्या समारंभाआधी घरातल्या कुणा वडीलधाऱ्याचं पत्र मागितलं.

घरातलं वडीलधारं माणूस आता एकच उरलं होतं. चंद्राबाई, या दोघांची आत्या. नवऱ्याने लग्नाच्या तिसऱ्या वर्षी टाकली तेव्हापासून माहेरी राहिलेली, आता चौऱ्याहत्तर वर्षांची. गावची धवलारीण तीच. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं धवलारीण म्हणते, तिचं गाणं पुरं झाल्याशिवाय हळदीत कुणी बोट बुडवत नाही. आज नातीच्या मांडवातही तीच गाणार होती.

निकेशने पेनाचं टोपण काढून पेन तिच्या हातात दिलं. "आत्या, टेन्शनचं काय नाय. फक्त सही कर, मग जाऊन आराम कर."

"मागल्या येली पन तू असाच पेन दिलेलास," चंद्राबाई म्हणाली.

मागच्या वेळी म्हणजे प्लॉटच्या कागदांच्या वेळी. तेव्हाही निकेशने टेन्शन घेऊ नको म्हटलं होतं आणि तिने बहिणीचा हक्क सोडल्याच्या कागदावर सही केली होती. साक्षरतेच्या वर्गात ती नुकतीच सही करायला शिकली होती आणि अंगठ्याऐवजी सही करता येते याचाच तिला आनंद झाला होता. त्या सहीच्या बदल्यात तिला तळमजल्यावरची, पंपाच्या शेजारची खोली मिळाली. त्या आनंदाची तिला आजही लाज वाटायची.

"आदी मना वाचून दाखवा," ती म्हणाली. "पुस्तक. बाबा कुठं गातो ते."

निकेशने घड्याळाकडे पाहिलं. अंकुर म्हणाला की आत्या, तुला पुस्तक दिलं होतं की. दिलं होतंस खरं, पण वाचून कोणी दाखवलं, असं तिने विचारलं. शेवटी रुतिका उठली. तिच्या दोन्ही हातांना मेंदी होती. तिने पुस्तक मांडीवर घेतलं आणि कोपराने पानं उलटत लग्नाचं प्रकरण काढलं.

कादंबरीतल्या मांडवात मध्यभागी जानू उभा होता. डोळे मिटून तो गात होता. भोवती बायका हातात दिवे घेऊन रडत होत्या. कोपऱ्यात जानूची विधवा लेक भिंतीला टेकून बसली होती, तिला नाव नव्हतं.

"ही मी का?" चंद्राबाईने विचारलं.

अंकुर म्हणाला की ती पूर्णपणे तू नाहीस, ते एक पात्र आहे.

"मना विधवा कनाला केलीस? माझा नवरा पेनला दुसरी करून मजेत व्हता." आणि ती मोठ्याने हसली. "आनि बाबा गातो? मांडवात? बाबाला बैलाला हाक मारायची तरी सुरात जमायची काय? धवल्याला बाप्ये मांडवाभायेर विड्या फुकत बसतात रं. तू पन बसलायस."

रुतिकालाही हसू आलं. निकेशला आलं नाही. त्याने वाचन पुरे म्हटलं, पण रुतिका पुढच्या पानावर गेली होती. तिथे गाताना थकलेल्या जानूला मिठागरावरची एक सावळी बाई तांब्याभर पाणी आणून देते, तो तिच्या हातचं पाणी पितो आणि ती निमूट निघून जाते. ही एक ओळ समीक्षकांना फार आवडली होती. जानूचं पुरोगामीपण त्यांना तिच्यात दिसलं होतं.

चंद्राबाईचं हसू गेलं.

"ही कोन?"

"बाळाबाई," अंकुर म्हणाला. "म्हणजे, तिच्यावरून सुचलेली."

"तिच्या हातचा पानी आपन पीत व्हतो काय?" ती शांतपणे म्हणाली. "ती महारवाड्यातली. तिची सावली मिठावर परली तर बाबा शिव्या घालायचा. ती पानी कनाला आनील? आनि बाबा पिल कसा?"

*

अंकुर वाईट माणूस नव्हता आणि हीच त्याची अडचण होती. आजोबांवर त्याचं प्रेम होतं. लहानपणी आजोबांनी त्याला खांद्यावर बसवून मिठागरं दाखवली होती, ती पांढरी शेतं तो अजून स्वप्नात बघायचा. त्याला वाटायचं, कादंबरीला एक कणा लागतो. पाच बायकांत वाटलेली गाणी वाचकाच्या लक्षात राहत नाहीत, जमीन गमावणारा माणूस गाणाराही असला की राहतो. कादंबरी म्हणजे काही सातबारा नव्हे. हे सगळं त्याने आता आत्याला समजावलं. समजावताना आपण वर्गात बोलतो तसं बोलतोय हे त्याचं त्यालाच ऐकू येत होतं. बाळाबाईला त्याने पुस्तकात आणली होती, आत आणली होती, हे कुणी लक्षातच घेत नाही याचं त्याला मनापासून वाईट वाटत होतं.

"गुणगुणतो ते वाच," चंद्राबाई रुतिकाला म्हणाली. "बाबा गुणगुणतो काय पुस्तकात?"

गुणगुणत होता. प्रत्येक गाण्याच्या शेवटी जानूचे शब्द संपायचे आणि तो नुसता गुणगुणायचा. अंकुरने त्यावर अख्खं पान लिहिलं होतं. पुरस्काराच्या मानपत्रातही त्याच गुणगुणण्याचा उल्लेख होता, 'लोकपरंपरेतला अनाहत नाद' म्हणून. निकेशला मानपत्र पाठ होतं. त्याने ती ओळ म्हणूनही दाखवली.

हेतल, अंकुरची बायको, दारापाशी उभी राहून ऐकत होती. समोरचा कागद तिनेच टाइप केला होता. चारशे पानंही तिनेच टाइप केली होती, बँकेतून आल्यावर, दोन वर्षं. अंकुर आत्याच्या खोलीत जाऊन फोनवर गाणी रेकॉर्ड करून आणायचा आणि ती कानाला लावून हेतल शब्द उतरवायची. 'मी आली गं मांडवात' असं ऐकू आलं की 'मी आलो रे मांडवात' लिही, असं अंकुर सांगायचा. तिने एकदा विचारलं होतं की हे बरोबर आहे का. त्यावर तो कौतुकाने हसला होता, तुला फिक्शन नाही कळायचं म्हणून. पुस्तकाच्या ऋणनिर्देशात तिचं नाव होतं. हेतल, तुझ्या चहाशिवाय हे पुस्तक झालं नसतं. ती ओळ वाचल्यापासून तिने त्याच्यासाठी चहा केला होता, पण तो पीत असताना ती त्याच्यासमोर बसली नव्हती.

"मी का गुनगुनते ते तुला म्हाईत हाय?" चंद्राबाईने अंकुरला विचारलं.

त्याने नकारार्थी मान हलवली.

मग तिने सांगितलं. गावात रीत अशी की धवला संपताना धवलारीण तिला शिकवणारीचं नाव घेते आणि मागच्या झेलकरी बायका ते झेलतात, म्हणजे तीच ओळ परत म्हणतात. तेव्हा कुठे गाणं पुरं होतं आणि हळदीला हात लागतो. चंद्राबाई सोळा वर्षांची असताना जुनी धवलारीण कुणाला न शिकवताच मेली. गावात अख्खा धवला कुणालाच येईना. येत होता एका बाईला. बाळाबाई लहान असताना प्रत्येक लग्नात आपल्या आईबरोबर मांडवाबाहेर उभी राहायची, उरलंसुरलं अन्न मिळेपर्यंत. असं उभं राहून राहून तिला सगळं पाठ झालं होतं. पुढे ती जानूच्या आगरावर मिठाच्या पाट्या वाहू लागली आणि बांधावरून जाताना गायची. चंद्राबाईला बापाने देखरेखीला बसवलेली. दोन उन्हाळे ती बांधाच्या या बाजूला आणि बाळाबाई त्या बाजूला, असं शिकणं चाललं.

पहिल्याच लग्नात चंद्राबाईने रीतीप्रमाणे नाव घेतलं. जानूने गाणं थांबवलं. माघाच्या थंडीत तिच्या अंगावर नेसत्या लुगड्यानिशी दोन घागरी ओतल्या, ताटातली हळद विटाळली म्हणून फेकून नवी कालवायला लावली. आणि सांगितलं, गा, पण ते नाव नको.

"मी गाना सोरायला पायजे व्हता," चंद्राबाई म्हणाली. "नाय सोरला. नवऱ्यानं टाकलेली मी, पन धवलारीन म्हनून लोक मना पयला नारळ द्यायचे, नवा लुगरा द्यायचे. ता मना पायजे व्हता. मंग त्या ओळीला मी गुनगुनायला लागली. ती भायेर उबी व्हती त्या दिसी. समदा बघितला तिनं. मना काय पन बोलली नाय. फकस्त परत माझ्यासमोर कदी गायली नाय."

खालून डीजेवाल्याचा 'चेक चेक' आला.

बाळाबाईचा मुलगा रबाळ्याच्या कारखान्यात लागला तेव्हा ती तिकडे गेली आणि तिथेच वारली. रबाळं काही लांब नव्हतं. चंद्राबाई एकदाही गेली नाही.

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस," अंकुर म्हणाला.

"तू कदी इचारलास? तू इचारायचास बाबा कसा व्हता."

निकेशने आवाज चढवला नाही, त्याला त्याची गरज नसायची. त्याने एवढंच सांगितलं की झालं ते झालं, साठ वर्षांपूर्वीचं आता उकरून काढायचं तर घराचंच नाव जाईल, रविवारी मंत्री येणार आहेत, आणि शेवटी हे घर सगळ्यांचं आहे, आत्याचंही, म्हणजे आत्या इथे राहतेच आहे ना. राहतेच आहे ना, हे त्याने दोनदा म्हटलं. पंपाशेजारच्या खोलीची किल्ली कुणाच्या खिशात असते हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"रेकॉर्डिंग माझ्याकडे आहेत," हेतल अचानक म्हणाली. "अकरा. सगळ्यांत आत्यांचा आवाज आहे. उद्या कुणी विचारलं तर मी नाही म्हणणार नाही, दादा."

अंकुरने तिच्याकडे असं पाहिलं की जणू घरातलं कपाट बोललं. निकेशने हेतलला उत्तर दिलंच नाही, आपल्या भावाला म्हणाला, तुझं तू बघ. त्याने कागद घडी करून आत्याच्या पदराखाली सरकवला. हळद उरकली की सही कर म्हणाला. चंद्राबाई हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. निकेशने ते हो समजून घेतलं. या घरात बायकांचं गप्प राहणं नेहमीच असं मोजलं गेलं होतं.

*

चार वाजता रुतिका पाटावर बसली. हळद लागेपर्यंत नवरीने तोंड उघडायचं नाही, असं आईने तिला सकाळपासून चारदा बजावलं होतं. तिला बोलायचंही नव्हतं, ती मांडवाच्या दाराकडे बघत होती. तिने प्रियाला बोलावलं होतं. खारघरला कॉलेजात दोघी तीन वर्षं एका बाकावर बसल्या होत्या. प्रियाने लेख लिहिल्यावर रुतिकाला आधी राग आला होता, मग तो वाचून काढल्यावर लाज वाटली होती. तिने घरी कुणाला न सांगता पत्रिका पाठवली होती.

प्रिया आली. हिरवा कुर्ता, हातात पाकीट. ती मांडवात शिरली नाही, शेवटच्या खांबापाशी उभी राहिली. दोन रिकाम्या खुर्च्या तिच्या शेजारी होत्या. रुतिकाने डोळ्यांनी आत ये म्हटलं. प्रियाने मान हलवली आणि तिथेच थांबली.

डीजे बंद करायला लावून चंद्राबाई पाटासमोर बसली. मागे पाच झेलकरी बायका, सगळ्या तिच्याच हाताखाली तयार झालेल्या. निकेश पाहुण्यांना बसवत होता, अंकुरने सवयीने फोन काढून धरला होता. चंद्राबाईचा आवाज आता चिरका झालेला. पण सुरुवात झाली आणि मांडव गप्प झाला. पहिली हळद उगवतीला, दुसरी खाडीला, तिसरी गावदेवीला. बायका झेलत होत्या. रुतिकाला आजीच्या पायाची धूळ आपल्या पाटाशी दिसत होती आणि आजीने प्रियाला पाहिलंय हे तिला कळलं होतं. खांबापाशी उभी असलेली ती मुलगी कोणासारखी दिसते हे आजीला कुणी सांगायची गरज नव्हती.

शेवटची ओळ आली.

"शिकविनारीन माझी बाळाबाय गो, तिच्या नावाला हळद लावा."

मागून गुणगुण आली. पाचही बायका नेहमीसारख्या, सवयीने, गुणगुणल्या.

चंद्राबाईने मागे वळून पाहिलं. तिने ओळ परत म्हटली, सावकाश, एकेक शब्द वेगळा करून. या वेळी बायकांनी नीट ऐकलं. एकीने निकेशकडे पाहिलं, दुसरीने खांबापाशी उभ्या असलेल्या मुलीकडे. आणि मग त्या पुन्हा गुणगुणल्या, आधीपेक्षा मोठ्याने. आता ती सवय नव्हती.

ओळ झेलली गेली नाही म्हणजे धवला पुरा नाही, आणि धवला पुरा नाही म्हणजे हळद नाही. ही रीत चंद्राबाईची नव्हती, गावाचीच होती. हळदीचं ताट तसंच राहिलं. नवरदेवाकडची माणसं एकमेकांकडे पाहू लागली. निकेश वाकून तिच्या कानाशी आला.

"आत्या, लोक बघतायत."

"बघू दे. नेसत्या लुगऱ्यानिशी अंगावर पानी ओतलेला पन लोकांनी बघितला." तिने पदराखालून घडी घातलेला कागद काढला आणि त्याच्या हातात दिला. रेघेवर काही नव्हतं. "हा घे. खोली पायजे तर ती पन घे."

आणि तिने तिसऱ्यांदा ओळ म्हटली.

रुतिकाने तोंड उघडलं. तिला सूर माहीत नव्हता, जमलाही नाही. आईने हात दाबला तरी ती थांबली नाही. शिकविनारीन माझी बाळाबाय गो, एवढं म्हणून तिचा श्वास संपला. पुढचे शब्द हेतलने म्हटले, टाइप करताना गाण्यांची चाल तिच्याही कानात बसली होती. दोन बेसूर आवाज, पण ओळ झेलली गेली. चंद्राबाईने हळदीत बोट बुडवलं आणि नवरीच्या हाताला लावलं.

प्रियाने पाकीट रिकाम्या खुर्चीवर ठेवलं. रुतिकाने हळदीचा हात तिच्याकडे केला, ये म्हणून. प्रिया दोन पावलं पुढे आली, म्हणजे मांडवाच्या कडेपर्यंत.

"आजीला मरताना पण हे ऐकायचं होतं," ती चंद्राबाईला म्हणाली. "तुम्ही रबाळ्याला याल का म्हणून ती शेवटपर्यंत विचारत होती. मी ऐकलं, तेवढं पुरे." आवाजात राग नव्हता, म्हणूनच चंद्राबाईला ते बोलणं जास्त लागलं. तिला वर बघता आलं नाही. बघितलं तेव्हा खांबापाशी कुणी नव्हतं.

अंकुर तिच्याशेजारी गुडघ्यावर बसला. त्याचे डोळे खरोखर भरले होते आणि फोन अजून चालू होता. तो घाईघाईने सांगू लागला की दुसऱ्या आवृत्तीत हे सगळं घेतो, शेवटी नवं प्रकरण घालतो, पहिल्या मांडवापासून आजच्या मांडवापर्यंत. बाळाबाईचं पात्र मोठं करतो, पुस्तकच तिच्या नावाने अर्पण करतो.

"नको रं," चंद्राबाई म्हणाली. "तुज्या बुकात ती परत पानीच घेऊन येल."

तिने हळदीच्या हाताने त्याचा फोन घेतला, पाटाच्या कडेला पालथा ठेवला आणि दुसऱ्या धवल्याला सुरुवात केली.